मागावरचं शेपूट

७ सप्टेंबर २०२५

माल परत आला. परत म्हणजे गेलाच नव्हता — ट्रान्सपोर्टच्या गोदामातूनच वळवला! एक्स्पोर्टवाला फोनवर म्हणतो, "प्रभुलिंगशेठ, अमेरिकेनं टॅरिफ लावला, मी काय करू?" तू काय करणार! एसीत बस. पांढरेशुभ्र टॉवेल, कडेला निळी पट्टी, कुणा अमेरिकनाच्या न्हाणीघरासाठी विणलेले. आता सोलापूरकरांनी अंग पुसायचं म्हटलं तरी किती पुसणार?

आठपैकी पाच माग बंद. तीन मल्लेशम चालवतो. बाकीचे कामगार केव्हाच गेले — कुणी पुण्यात सिक्युरिटीत, कुणी डिलिव्हरीवर. मल्लेशम तेवढा राहिला. तरणा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे. त्याच्यासाठी तरी कारखाना चालला पाहिजे. या वयात तो जाणार कुठे?

९ सप्टेंबर

राजेश्वरी म्हणाली, "साकु झालं आता. पुरे." माझ्या बायकोचा वैताग नेहमी कानडीतून निघतो. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

१५ सप्टेंबर

चिरंजीव डेट्रॉईटहून आले. तिथे अनिलची कंपनी जुन्या कारखान्यांची घरं आणि हॉटेलं करते. म्हणजे भंगारवालाच, फक्त टाय लावलेला. आल्या आल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर तुटून पडला. तेवढा वेळ माझा मुलगा वाटला.

१७ सप्टेंबर

जेवताना फोनवर फोटो दाखवले. एका फोटोत पडका मोटारींचा कारखाना, छतातून झाड उगवलेलं. दुसऱ्यात तीच भिंत, तोच गंजका खांब — आणि खाली माणसं कॉफी पितायत! गंज मुद्दाम ठेवलाय म्हणे. आमच्याकडे मागाला गंज चढला तर माझे वडील शिव्या घालायचे.

सांगतो मात्र नीट पोरगा, खोटं कशाला लिहू. आधी कारखाने शहराबाहेर गेले, मग दक्षिणेकडे, मग परदेशात. हमरस्ते झाले तशी गोरी माणसं मोटारींत बसून उपनगरांत राहायला गेली. काळ्यांना तिकडे घरंच मिळू दिली नाहीत, ते मागे राहिले. कर भरणारे गेल्यावर शहराकडे पैसा कुठला? रस्त्यावरचे दिवे गेले, शाळा बंद पडल्या. आणि आता इतक्या वर्षांनी शिकलेली पोरं शहराच्या मधोमध परत यायला लागली. भाडी वाढली.

मी विचारलं, "मग जे मागे राहिले होते, त्यांचं काय?"

"बरेच गेले, अप्पा."

"कुठं?"

"बाहेर कुठंतरी. त्याचा नीट डेटा नाही."

डेटा नाही! खांबाचा फोटो आहे, माणसाचा पत्ता नाही. मी ताटावरून उठलो. राजेश्वरी म्हणाली, "त्याच्यावर कशाला राग काढताय?" मग कुणावर काढू?

२२ सप्टेंबर

अनिलला अक्कलकोट रोडला नेलं. म्हणजे त्यानंच मला नेलं. वाटेत एकेक शेड दाखवत होतो — हा बंद, तो बंद, इथं आता पाण्याचे जार भरतात, तिथं लग्नाचा हॉल झालाय. तो फोटो काढत होता.

कारखान्यात शिरल्यावर त्याचे डोळे चमकले. "दोन माग ठेवू, बाकीचे काढू. इथं काउंटर." अरे, एमआयडीसीत कॉफी कोण पिणार? "पाच वर्षांनी बघा, अप्पा." वर म्हणतो, रविवारी मल्लेशमकाका माग चालवून दाखवतील, लोकांना आवडतं. सर्कस आहे का!

मल्लेशम तिथेच धोट्यातली सुताची कांडी बदलत होता. मला वाटलं, आता हा अनिलला सुनावणार. तर विचारतो, "बसून करायचं काम हाय का? मग चांगलं हाय की." फार राग आला मला त्याचा. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. आठही मागांना हळदकुंकू, झेंडूचे हार. चालू मागांवरची बीमं, उभ्या धाग्यांचे ते मोठे रूळ, तीसुद्धा काल संपली. मल्लेशमनं प्रत्येक मागावर उभ्या धाग्यांचं शेपूट नीट ठेवलंय, वीतभर. नवं बीम आलं की त्या शेपटाला गाठी मारायच्या, माग चालू. शेपूट गेलं की मात्र एकेक धागा फणीतून नव्यानं ओवायचा. आता ते ओवणारी माणसं तरी कुठे राहिलीत? म्हणून शेपूट कुणी कापत नाही. शेपूट असेपर्यंत माग मेलेला नसतो.

भंगारवाला सणासुदीचाही दारात! आत डोकावला, म्हणाला, "धागा हाय की अजून," आणि गेला. त्याला तेवढी तरी रीत आहे.

अनिल म्हणाला, "अप्पा, कापून मोकळे व्हा." म्हटलं, माझ्या हातानं मल्लेशमच्या पोटावर कात्री चालवू? राजेश्वरी हारातली पडलेली फुलं वेचत होती.

४ ऑक्टोबर

अनिल काल गेला. मल्लेशमही आठवडाभर मुलाकडे पुण्याला गेला. मी घरी नसताना कारखान्याची किल्ली राजेश्वरीकडे देऊन गेला.

पेपरात टॅरिफवर लेख आलाय, कापून ठेवावा म्हटलं तर कात्री सापडत नाही. "शेजारी गेलीय," म्हणाली. या घरात एक वस्तू जागेवर नसते.

७ ऑक्टोबर

ऑर्डर!! हैदराबादचा व्यापारी. नॅपकिन — साधा माल, पण ऑर्डर! सायझिंगवाल्याला सुताला खळ लावून बीम भरायला सांगून आलो. परवा मिळेल. मल्लेशम येईपर्यंत थांबणार नाही, मीच बसून गाठी मारीन. येईल तेव्हा माग चालू दिसला पाहिजे त्याला. राजेश्वरीला सांगितलं. ती नुसती बघत राहिली. आनंदसुद्धा होत नाही या बाईला!

९ ऑक्टोबर

टेम्पोत बीम घेऊन गेलो. कुलूप उघडलं. एकाही मागावर शेपूट नाही. आठही फण्या रिकाम्या. धागे खाली पडलेले, कात्रीनं सरळ कापलेले.

अनिलनंच जाताना कुणाकडून तरी करवलं, असं वाटलं. पोलिसात जाऊ का, हे विचारायला मल्लेशमला फोन लावला.

"मीच कापलो, मालक. दोन वर्सं झालं, पोरगा बोलवतंय. तुमी एकटं पडताव म्हणून ऱ्हायलो. शेपूट ठेवलो असतो तर तुमी परत जोडला असता. मग मला परत यावं लागलं असतं की."

दोन वर्षं! आणि मी इथे काय काय लिहीत बसलोय? कोण कुणाला पोसत होतं?

टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. बीम तसंच परत पाठवलं.

१० ऑक्टोबर

सकाळी खण उघडला. कात्री जागेवर. बिजागरीत पांढरं सूत अडकलेलं.

राजेश्वरी चुलीपाशी होती. "पुण्याला निघायच्या आधी मीच बोलावून घेतलं त्याला. कात्री मी दिली, परत आणली ती मीच लपवली. साकु," म्हणाली.

या वेळी ऐकू आलं.