खालच्या मजल्यावर गेलेलं जेवण

घरून,
३ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये फोन कपाटात बंद करून ठेवावा लागतो, आणि तो हातात आला की तू झोपेत असल्यासारखी बोलतेस, म्हणून सविस्तर लिहिते. इकडे सर्व क्षेम आहे. घराला आग लागलेली नाही, सगळ्यांची बोटं जागच्या जागी आहेत, आणि टिल्लूने या आठवड्यात एकच कपबशी फोडली, तीही स्वयंपाकाशी काही संबंध नसताना.

तुझ्या फर्मानाप्रमाणे पोरांचं स्वयंपाकाचं शिक्षण जोरात चालू आहे. पुढच्या एक तारखेला मी परगावी नोकरीवर गेले की तू परत येईपर्यंत या घरात रात्रीचं जेवण कोण करणार, या प्रश्नाला तू नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असं उत्तर शोधलंस. त्यांच्या सख्ख्या बापाचा विचारसुद्धा केला नाहीस, यात तुझा संसाराचा अनुभव दिसतो. भाऊजींना दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट अंधारात उघडून दुरुस्त करता येते. शेगडीकडे मात्र ते दुसऱ्याच्या बाळाकडे बघावं तसं बघतात. कौतुकाने, पण लांबून. तेव्हा असं ठरलं आहे की पोरं रांधतील आणि भाऊजी शेगडीपाशी स्टुलावर बसून जबाबदार दिसतील.

सुरुवातीला मी सुरक्षिततेचे नियम लिहून काढले. तीन पानं झाली. हेडबाईने (तुझ्या लेकीला आता शाळेतही हेच म्हणतात) ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, की यातला कुठला नियम पाळला म्हणजे जेवण तयार होतं. मग मी तिच्या हातात लोणी लावायची सुरी दिली. तिने त्या सुरीने एक गाजर इतका वेळ कापलं की मलाच लाज वाटून खरी सुरी काढावी लागली. टिल्लूकडे उकडलेली अंडी सोलायचं खातं आहे आणि तो ते मंत्र्याच्या थाटात सांभाळतो.

निकाल मात्र उत्तम. गाजरं एकसारखी, बटाटे मऊ, अंडी नव्या बल्बसारखी गुळगुळीत. भाऊजी दोनदोनदा वाढून घेतात आणि म्हणतात, की पोरीच्या हाताला अगदी तिच्या आईची चव आहे. मी ऐकून घेते. शिजवून झालं की दोघांना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला पाठवते, तेवढ्यात पानं वाढते, आणि खालच्या शिवणकाकूंकडे एक भांडं पोचवून येते. शेजारधर्म नको का सांभाळायला.

तरीही मला वाटतं, घाई नको. पोरं अजून लहान आहेत. कंपनीला लिहून आणखी एक महिना मागून घ्यावा म्हणते. औषधाच्या गोळ्या तपासायचं काम. गोळ्या काही पळून जात नाहीत. तुझं मत कळव, आणि शक्यतो ते माझ्यासारखंच असू दे.

लोभ आहेच, त्यात माझ्या स्वभावापुरती थोडी भर घालावी.

तुझी,
धाकटी


होस्टेलातून,
८ सप्टेंबर

चि. काळजीवाहू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. माझी मुलगी, जिला पट्टी हातात असूनही समास सरळ आखता येत नाही, ती एकसारखी गाजरं कापते! माझा मुलगा, ज्याने सोललेल्या अंड्यातलं अर्धं अंडं टरफलाबरोबर कचऱ्यात जातं आणि उरलेलं उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, तो बल्ब तयार करतो! मी घरातून निघाल्याबरोबर एवढी प्रगती झाली म्हणजे इतकी वर्षं मीच आडवी येत होते. आधीच निघायला हवं होतं.

एकच गोष्ट माझ्या जाड डोक्यात शिरत नाही. पोरं इतकी तयार झाली आहेत, तर तुला महिना कशाला हवा? आणि नसतील झाली, तर हे गुळगुळीत अंडं कुठून आलं?

एकदा तू सर्दी झाली म्हणून तारीख पुढे ढकललीस. कंपनीने ऐकलं, भली माणसं दिसतात. पुन्हा ढकललीस तर ते ती जागा ज्याचं नाक गळत नाही अशा कुणाला तरी देतील, आणि बरोबर करतील. या नोकरीसाठी तू किती खेटे घातलेस ते मी पाहिलं आहे. दिवसभर बसून प्रत्येक गोळीकडे संशयाने बघायचं आणि बिघडलेली बाजूला काढायची, एवढंच तर काम. त्याची तयारी तू जन्मल्यापासून करते आहेस.

हेडबाईलाही वेगळं पत्र टाकलं आहे. गाजरांबद्दल तिचं म्हणणं काय ते तिनेच कळवावं.

यजमानांना सांग, की चवीबद्दल धन्यवाद. टिल्लूला पापा.

तुझ्यावर लोभ आहे, विश्वास तपासून कळवते.

ताई


घर,
१३ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशी म्हणते पत्र असंच सुरू करायचं. शेवटी काय लिहायचं ते मी तिला विचारणार नाही, कारण मी तिच्याशी बोलत नाही. का ते पुढे आहे.

तू विचारलंस की गाजरं खरंच मी कापते का. कापते. पण आम्ही जेवतो ती गाजरं मी कापलेली नसतात.

परवा जिन्यात शिवणकाकू भेटल्या. त्या तोंडात टाचण्या धरून बोलतात, तरी मला सगळं कळलं. त्या म्हणाल्या की कालचा भात छान मोकळा झाला होता, पण वाटाण्यात मीठ घालायला विसरलीस का गं. मी विचारलं की तुम्हाला कसं माहीत. तर त्या म्हणाल्या की अगं, रोज तर भांडं भरून पाठवता. मग त्यांनी सगळंच सांगितलं. बटाटे आधी कच्चे होते, नंतर जरा बरे झाले. सूप पाण्यासारखं होतं पण गरम होतं. आणि अंडी ज्याने सोलली त्याला बक्षीस द्या, कारण ती बघून त्यांना इतकं हसू आलं की मशीन थांबवावं लागलं.

मी वर न येता त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. तिथे मावशीचा एप्रन खुंटीला होता. आई, आम्ही शाळेत असतो तेव्हा मावशी तिथे तेच जेवण करून ठेवते, आणि आम्ही कोपरापर्यंत हात धुवायला गेलो की आमचं जेवण खाली जातं आणि तिचं वर येतं. काकूंना तिने सांगितलं होतं की आम्ही जास्तीचं केलं. बाबांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ते म्हणाले की तरीच. मग माझ्याकडे बघून म्हणाले की ते काही म्हणालेच नाहीत.

मावशी म्हणाली की कच्चं खाऊन आमची पोटं बिघडतील अशी तिला भीती वाटली, आणि आमचा हिरमोड व्हायला नको होता. मी विचारलं की तू एकदा तरी चाखून बघितलंस का. ती नाही म्हणाली. शिवणकाकूंचं पोट अजून चांगलं आहे, मी विचारून आले.

टिल्लू रडला, कारण त्याला वाटत होतं की त्याला अंडी सोलता येतात. मी रडले नाही. मी विचार केला, की सगळे रोज छान छान म्हणत होते ते मावशीच्या जेवणाला. माझ्या जेवणाबद्दल फक्त काकू बोलल्या, आणि त्या कच्चं म्हणाल्या. म्हणून मोकळ्या भाताचंही मला त्यांचंच खरं वाटतं.

आता मावशीला स्वयंपाकघरात यायला बंदी आहे.

कळावे, लोभ तुझ्यावर आहे, मावशीवर सध्या नाही.

हेडबाई

ता. क. टिल्लू म्हणतो माझाही राग लिही. लिहिला.


होस्टेलातून,
१७ सप्टेंबर

चि. काळजीवाहू हिस,
अ. उ. आ. वगैरे.

हेडबाईचं पत्र वॉर्डात उघडलं आणि इतकी हसले की मोठ्या सिस्टरांनी माझाच ताप बघितला. मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि हसू गेलं.

आधी तुझं अभिनंदन. रोज एकच जेवण दोनदा, दोन मजल्यांवर, कुणाच्या नकळत, आणि गरम! चोरटा माल ने-आण करणारे लोक तुला पगार देऊन ठेवून घेतील. एवढी यातायात कशासाठी, तर एक कच्चा बटाटा कुणाच्या तोंडात जाऊ नये. आणि गेलाच बिचाऱ्या शिवणकाकूंच्या तोंडात. त्यांच्या पोटाची काळजी तुझ्या तीन पानांत कुठल्या नियमात बसते? आणि तुझ्या हातची चव आमच्या यजमानांनी माझी म्हणून ओळखली, ते मी आल्यावर वेगळं बघून घेईन.

तू हे कुठून उचललंस ते मला माहीत आहे. आपल्या घराची रीतच ती. कुणाला तोंडावर चुकलं म्हणायचं नाही, पाठ वळली की दुरुस्त करून ठेवायचं, आणि वर शाबासकी द्यायची. तू घातलेले टाके आई उसवून पुन्हा घालायची आणि पाहुण्यांना सांगायची, की धाकटीने शिवलं. सगळे तुझं कौतुक करायचे. तू अजून बटण लावायला मला हाक मारतेस.

आता एक गोष्ट थट्टा सोडून लिहिते. पोरांना येत नाही म्हणून तू थांबलेली नाहीस. त्यांना आलं तर तुला जावं लागेल, म्हणून थांबली आहेस. नव्या गावात, अनोळखी माणसांत जायची भीती वाटते तर तसं म्हण. त्यासाठी माझ्या लेकराला अंडं सोलता येत नाही असं ठरवू नकोस. येतं असंही ठरवू नकोस.

पोरांनी केलेलं एकदा तू खा. खाऊन जे वाटेल ते तिला तोंडावर सांग. मग जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी ट्रेनिंग सोडून येणार नाही आणि तुझ्या वतीने कंपनीला पत्रही लिहिणार नाही.

लोभ तसाच आहे, म्हणून तर एवढी शाई खर्च केली.

ताई


घरून,
२८ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते योग्यच. पण आशीर्वादाला 'वगैरे' लावलंस ते लागलं. आशीर्वादात वगैरे कोणी घालतं का?

आधी माफीचं सांगते. टिल्लूने ती लगेच दिली, कारण मी त्याच्या शेजारी बसून एक अंडं सोललं आणि मुद्दाम नव्हे, खरंच फाडलं. तो म्हणाला की काही हरकत नाही, सवयीने जमतं. शिवणकाकूंची माफी मागायला गेले तर त्यांनी टाचण्या तोंडातून न काढताच विचारलं, की म्हणजे आता भांडं यायचं बंद का. हेडबाई मात्र हलली नाही. शेवटी काल बोलली ती एवढंच, की रात्रीचं जेवण ती आणि टिल्लू करतील, बाबा स्टुलावर बसतील, आणि मी बाहेरच्या खोलीत बसायचं. मला एक खुर्ची मिळाली आणि वाचायला माझेच नियम.

बंद दाराबाहेर बसणं काय असतं ते तुला सांगून कळायचं नाही. तू नर्स, तू नेहमी दाराच्या आत. आत काहीतरी पडलं. मग एकदम शांतता झाली, ती पडण्यापेक्षा वाईट. मी दारातून विचारलं की सगळं ठीक आहे ना. भाऊजींनी लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना देतात त्या आवाजात उत्तर दिलं, की सर्वजण सुरक्षित आहेत, कृपया शांत राहावं.

मग पानं आली. सूप, बटाटे आणि टिल्लूची अंडी. बटाट्यांचे तुकडे असे, की एकाच घरातले वाटू नयेत. काही नखाएवढे, काही साबणाच्या वडीएवढे. भाऊजींनी घास तोंडात जायच्या आधीच उत्तम म्हणून टाकलं. हेडबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिने चमचासुद्धा उचलला नव्हता.

सूप खरंच बरं होतं, थोडं पातळ. मी तसं सांगितलं. मग मी मोठा तुकडा घेतला. ताई, तो दाताखाली कचकन वाजला. आवाज सगळ्यांनी ऐकला असेल. भाऊजींनी टेबलाखालून मला पाय मारला. तोंडात तो तुकडा धरून मी बसले, आणि माझ्या मनात किती सुंदर वाक्यं आली म्हणून सांगू. चव छान आहे. पहिल्यांदाच्या मानाने कमाल आहे. मी घास गिळला आणि म्हटलं, की बटाटा आत कच्चा आहे.

मला वाटलं, आता संपलं. हेडबाईने विचारलं की सगळे कच्चे का. मी लहान तुकडा खाऊन पाहिला आणि सांगितलं, की लहान शिजले आहेत, मोठेच राहिले. ती म्हणाली, की म्हणजे लहान कापायला हवे होते, एवढंच ना. आणि उठून सगळ्यांची पानं गोळा करायला लागली. भाऊजींनी आपलं पान घट्ट धरलं आणि आपल्याला आवडलं असं म्हणाले, तर तिने सांगितलं, की मग कच्चे सगळे तुम्हालाच वाढते. त्यांनी पान सोडलं आणि निमूटपणे तिच्या मागोमाग स्टुलावर जाऊन बसले.

मी मदतीला उठले, तर टिल्लूने मला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. बसून काय करू ते कुणी सांगितलं नाही. आतून सुरीचा आवाज येत होता, बराच जोरात आणि अगदी वाकडातिकडा. मला त्यात काही करायचं नव्हतं. थोडा वेळ खुर्चीत बसले. मग आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालून बॅग ओढली. भीती वाटत होती, अजूनही वाटते आहे, तसं तू म्हणालीस म्हणून म्हणते. पण कपडे घड्या करून भरत गेले. त्यांनी जेवायला हाक मारली तेव्हा बॅग भरून झाली होती.

परवा सकाळच्या बसने निघते. नवा पत्ता पोचल्यावर लिहीन.

लोभ असू दे. कधी कमी झाला, तर मागून दुरुस्त करून ठेवू नकोस, तोंडावर सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. बटाटे दुसऱ्यांदा आले ते मऊ होते आणि एका बाजूने करपलेले होते. मी दोन्ही सांगितलं.