दोन यरुशलायीम

बोईसर, १२ जानेवारी १९६६

प्रिय आईस, रिबकाचा शालोम आणि वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला कसा आहे?

एलिजादादाने कळवले की तू हट्ट धरलास, "रिबका आली नाही तर मीही इस्राएलला जाणार नाही." आई, मी येणार नाही. ह्यांची कबर इथे आहे. शिवणवर्ग आहे. मुरबे गावची जमुना म्हणते, "बाय, तुमी गेलात तर आमाला काजं कोन शिकवील?"

पण तू जा. जन्मभर पेसाहच्या सणाच्या रात्री "पुढच्या वर्षी यरुशलायीमात" म्हणत आलीस.

त्या नावाची मी इथे चौकशी केली. चर्चचे फादर म्हणाले, लॅटिनमध्ये हिएरोसोलिमा. ग्रीकांना त्यात त्यांचा स्वतःचा 'पवित्र' अर्थाचा शब्द, हिएरोस, ऐकू आला, त्यांच्याकडून ते लॅटिनमध्ये गेले. कापडवाले अब्बासभाई म्हणाले, "हम तो कुद्स बोलते हैं, बहन." त्याचाही अर्थ पवित्रच. आपल्याला त्यात शालोम, म्हणजे शांती, ऐकू येते. ज्याला त्याला आपला शब्द सापडतो.

मला शेवटचे 'आयीम' सापडले. हिब्रूत यादायीम म्हणजे दोन हात, एनायीम म्हणजे दोन डोळे. मग यरुशलायीमही दोन असतील. जाणकार हसतील, हसू देत.

एक तू डोळे भरून बघ. दुसरे मी इथे सांभाळते.

माझ्यासाठी भरलेली पेटी रिकामी कर आणि तीत तुझे गरम कपडे घाल. तिकडे थंडी फार असते म्हणे.

तुझी, इथलीच झालेली लेक,
रिबका