एक्कावन्न टक्क्यांची मावशी

६ जानेवारी, मंगळवार

रायोंगचं पत्र खरंच आलं. चाकणच्या ज्या कंपनीला आपण बारा वर्षं मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी फिक्श्चर बनवून देतोय, तिचा थायलंडमधला कारखाना. आमच्याजवळ वर्कशॉप टाका, फिक्श्चर दुरुस्तीचं काम तुम्हाला देऊ, असं लिहिलंय. दादाने पत्र तीनदा वाचलं. मग मशीन बंद करून सगळ्यांना चहा सांगितला.

संध्याकाळी दादाच्या ओळखीचे देसले, त्यांच्या पिंपळे सौदागरच्या ऑफिसात. परदेशात कंपनी काढून देतात. कंपनी, वकील, जागा, व्हिसा, सगळं एका पॅकेजमध्ये. परदेशी माणसाला तिथे अर्ध्याहून जास्त मालकी नाही, म्हणून एकोणपन्नास टक्के आपले, एक्कावन्न तिथल्या माणसाचे. "फक्त कागदावर हो मॅडम."
तो माणूस कोण?
"ते आमच्यावर सोडा."
आणि वकील कोणाचा? आपला की त्याचा?
"दोघांचा एकच. कशाला दोन दोन?"

दादा परत येताना गाडीवर गाणं गुणगुणत होता. मी मागे बसून एकाच शब्दावर अडकले. फक्त.

९ जाने., शुक्र.

कासारवाडीला पप्पांकडे. थायलंडचं सांगितलं. खूश झाले. मग स्वतःहून स्वेच्छानिवृत्तीची गोष्ट काढली. आजवर कधी काढली नव्हती.

त्यांच्या कंपनीने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. कागद इंग्रजीत. ऑफिसातल्या एका साहेबांनी मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगितला. छान समजावलं म्हणे, मधे विनोदही केले. पप्पांनी सही केली. क्वार्टर किती दिवसांत सोडायची ते त्याच कागदात होतं, ते घरी आल्यावर कळलं.

"तो माणूस खोटं बोलला नाही गं. जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. चूक आमचीच. वाचून दाखवणारा त्यांचा होता, आमचा नव्हता."

युनियनमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस. अजून स्वतःलाच दोष देतो.

१२ जाने., सोम.

तिथल्या भारतीय वकिलातीच्या यादीतून आणि इकडून तिकडून विचारून चार थाई वकिलांना मेल केले. चौघांना एकच प्रश्न : ज्याने स्वतःचा एक रुपया घातला नाही, त्याला कागदावर मालक दाखवता येतं का?

दादाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१६ जाने., शुक्र.

उत्तरं. एकाचं नाहीच. एकाने रंगीत माहितीपत्रक पाठवलं, प्रश्नाला हात नाही. तिसरा : सगळं होतं, पासपोर्ट पाठवा. चौथी बाई, पिम नावाची. तीन ओळी. नाही. नाव देणारा आणि घेणारा, दोघांवरही गुन्हा होतो. तुम्हाला तेच करायचं असेल तर कृपया दुसरा वकील बघा.

गंमत आहे. चौघांत जिने दार लावलं तिच्यावरच विश्वास बसला. पण नुसता विश्वास नको. तिचा नोंदणी क्रमांक मागून घेतला, तिथल्या वकील परिषदेला विचारलं. आहे, चालू आहे. तुमच्या जुन्या अशिलांशी बोलायचंय म्हटलं, तर म्हणाली त्यांना विचारल्याशिवाय नावं देणार नाही. आज एकाने होकार दिला. इंदूरचे गृहस्थ, तिथे मसाल्याची गिरणी आहे. हिंदीत म्हणाले, "बहनजी, धीरे काम करती है. पर जो बोलती है, लिख के देती है."

२० जाने., मंगळ.

पिम मॅडमशी पहिली मीटिंग. त्यांनी आधी करारपत्र पाठवलं होतं, त्यात पहिलंच कलम : आम्ही फक्त तुमच्या बाजूने काम करू. सही करायच्या आधी चार वेळा वाचलं.

त्यांचं म्हणणं : नवी वस्तू बनवणं वेगळं, दुसऱ्याच्या वस्तूची दुरुस्ती वेगळी. दुरुस्ती म्हणजे सेवा, तिला परदेशी कंपनीला वेगळा परवाना लागतो. तो मिळाला तर एक्कावन्न टक्केवाला लागतच नाही. रीतसर अर्ज करू. काही महिने जातील. नाकारूही शकतात.
"मिळेलच असं मी म्हणणार नाही."
भारतातून भांडवल कसं न्यायचं हे विचारलं तर सरळ म्हणाल्या, ते मला माहीत नाही, तुमच्याकडच्या सी.ए.ना विचारा.

माहीत नाही. देसल्यांच्या तोंडून हे दोन शब्द एकदाही ऐकले नाहीत.

२२ जाने., गुरु.

आठवड्याची सुट्टी. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच. दादाला सगळं सांगितलं. व्हायचं तेच झालं.

"तू माझ्या पाठीमागे वकील केलास?"
हो.
"सगळे असंच करतात वंदे. कायदा कायदा करत बसलीस तर काम दुसरा घेऊन जाईल."
त्यात दोघांवर गुन्हा होतो रे.
"कुणावर झालाय? एक दाखव."

मग खाली बघून म्हणाला, त्याने दहा तारखेला स्वतःच्या नावाने देसल्यांना मुखत्यारपत्र देऊन टाकलंय. म्हणजे त्याच्या जागी ते सही करू शकतात. मला विचारलं नाही.

दोघांनीही एकमेकांच्या पाठीमागे केलं. ओरडायला तोंडच राहिलं नाही.

नंतर तो बेंचवर बसून राहिला. म्हणाला, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या शॉपमध्ये लेथ चालवला. मग हे उभं केलं, तेही भाड्याच्या शेडमध्ये. एकदा तरी लांब कुठेतरी आपलं नाव लागावं. "पप्पांना विमानात बसवून दाखवायचंय." त्याला हावरट म्हणता येत नाही. मला तरी नाही.

शेवटी एक ठरलं. सही करायच्या आधी त्या एक्कावन्न टक्केवाल्याशी बोलायचं. दादाही हो म्हणाला.

२७ जाने., मंगळ.

दुपारी तीनला कॉल. देसल्यांना आधीच सांगितलं होतं, आमच्या वकीलही ऐकतील. "अवश्य, अवश्य." वर्कशॉपच्या केबिनमध्ये मी आणि दादा. पडद्यावर देसले, बँकॉकमधला त्यांचा माणूस, एका चौकोनात पिम मॅडम.

आणि मालक. साठीची बाई. निळा एप्रन, केस जाळीत बांधलेले. दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. साहेबाच्या केबिनमध्ये आमच्याकडच्या मावशी बसतात तशी. नाव बुन्मी.

मी विचारलं, आमच्या कंपनीत तुमचा अर्ध्याहून जास्त हिस्सा असणार, हे तुम्हाला माहीत आहे का?
देसल्यांच्या माणसाने तिला थाईत चार शब्द सांगितले. बाई हसून काहीतरी बोलली.
"शी इज व्हेरी हॅपी."
एवढ्या लांब प्रश्नाला चार शब्द?

तेवढ्यात पिम मॅडम थेट थाईत बोलल्या. बाईचं हसू गेलं. तिने आधी त्या माणसाकडे पाहिलं, मग हळू आवाजात काहीतरी विचारलं. पडदा काळा. देसले म्हणाले नेटवर्क गेलं.

पाच मिनिटांनी पिम मॅडमचा फोन. त्या माणसाने फक्त विचारलं होतं, तुम्ही खूश आहात ना. पिम मॅडमनी स्वतः विचारलं, कागदावर तुम्ही मालक होणार, काही चुकलं तर पोलीस तुमच्याकडेही येतील, कुणी सांगितलंय का? ती त्या माणसाच्या ऑफिसात झाडलोट करते. तिचं उत्तर :
"सही नाही केली तर मला कामावर ठेवतील ना?"

फोन स्पीकरवर होता. दादाने ऐकलं. हेल्मेट घेऊन उठला, निघून गेला.

२८ जाने., बुध.

दादा काल तिथून सरळ देसल्यांकडे गेला होता. आज सांगतोय. मुखत्यारपत्र परत मागितलं. "फाइल पुढे गेली, आता कसं देता येईल." तासभर तिथल्या सोफ्यावर बसून राहिला. दिलं नाही.
मी म्हटलं, मला बोलवायचंस.
"काय तोंडाने?"

३० जाने., शुक्र.

नोटरीकडे दोघं गेलो. रद्द केल्याचा कागद झाला, देसल्यांना रजिस्टर पोस्टाने गेला. पिम मॅडमनी तिथल्या सरकारी नोंदी तपासल्या. आमच्या नावाने आजपर्यंत तरी कंपनी नाही. 'आजपर्यंत तरी' त्यांचेच शब्द. दर आठवड्याला बघत राहणार.

४ फेब्रु., बुध.

रायोंगच्या कामाचं चाकणच्या कंपनीत बघणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटले. खरं ते सांगितलं, वेळ लागेल, परवाना मिळेल न मिळेल. म्हणाले, "मॅडम, थांबू असं मी म्हणत नाही. पण नाहीही म्हणत नाही." बाहेर आल्यावर पाय हलके वाटले. का ते कळलं नाही. काम तर हातातून निम्मं गेलंय.

१३ फेब्रु., शुक्र.

पप्पा वर्कशॉपवर आले. दादानेच त्यांना सगळं सांगितलं, मी नाही. एप्रन, खुर्चीचं टोक, सगळं. पप्पा एवढंच म्हणाले,
"तिला कुणीतरी विचारलं तरी."

२४ फेब्रु., मंगळ.

पिम मॅडमनी अर्जाचा मसुदा पाठवला. बुन्मी मावशींबद्दल विचारलं होतं. त्यांनी त्या ऑफिसात फोन केला होता. ती आता इथे नसते, एवढंच कळलं. काढलं की सोडलं, कुणी सांगत नाही. मी प्रश्न विचारला नसता तर तिची नोकरी राहिली असती. आणि कधीतरी पोलीसही आले असते. दोन्ही खरं. दिवसभर दोन्ही डोक्यात.

जेवणाच्या सुट्टीत दादासोबत मसुदा भरायला बसले. एक रकाना : स्थानिक किती माणसं कामाला ठेवणार? मी दोन लिहिलं, एक फिटर, एक ऑफिसला.

दादाने पेन घेतलं, दोन खोडून तीन केलं.
तिसरं कोण?
"झाडलोटीला लागेलच ना कुणीतरी."

तिचा पत्ता आपल्याकडे नाही. परवान्याचं तर अजून काहीच नाही. खाडाखोड चालत नाही म्हणून पान पुन्हा छापलं, आणि तीन लिहिलं.