लिंबाला टांगलेले डबे

जवळा बाजार, डिसेंबर १९९९. संध्याकाळ.

कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांनी आज जेवणाचे डबे फाटकाजवळच्या कडुलिंबाला टांगले. शेडमधल्या खुंट्या रिकाम्या. काहून?

थोरले मालक दुपारच्या चहाला सगळ्यांना विचारायचे, काय अडतंय. कापसातले खडे अडवायची जाळी तिथंच कामावरच्या गंगाबाईला सुचली होती. यंदा मालकांच्या मुलानं कारभार हाती घेतला. चहाची बैठक बंद. कापूस ओढणारा नवा पाइप आणला आणि जाळी काढून टाकली. गंगाबाई बोलायला गेली तर म्हणाला, "तू कापूस टाक. डोकं चालवायला आम्ही आहोत."

तेव्हापासून कुणी काही सांगत नाही. मला, सुपरवायझरलाही नाही. काल पाइपात खडा वाजला. आज पुन्हा. लोखंडावर खडा, आणि भोवती कापसाचे ढीग! एक ठिणगी पुरे. बायकांनी माना वर केल्या, दाराकडे पाहिलं आणि परत कामाला लागल्या.

सुटताना विचारलंच, "गंगाबाई, डबे बाहेर का?"

"पळायची येळ आली तर आत काई ऱ्हाऊ नये, साहेब."

तसाच धाकट्या मालकाच्या केबिनपर्यंत गेलो. मागं एकदा बोललो तर तो म्हणाला होता, "तुम्ही त्यांचे पुढारी का?" दारातूनच वळलो. उद्या सांगू का? ऐकेल?

घरी बायकोनं डबा मागितला. तो सायकललाच अडकवलेला होता. दुपारी जेवलोही फाटकाशीच, उभ्या उभ्या. सकाळपासून मी तो आत नेलाच नव्हता.