कुलपातला समुद्र

हिंगणेवाडी, ता. चाकूर
१२ मार्च २०२५

प्रिय राजकन्यावहिनी,

सादर नमस्कार. नांदेडला लेकीकडे सुखरूप पोहोचलात, हे दादाकडून समजले. गुडघे डॉक्टरांना दाखवलेत का? तुमच्या तुळशीला मी पाणी घालते आहे. तुमचा फोन घरीच विसरला, असे दादा म्हणतो. पण तो फोन दादाच्याच खिशात असतो, म्हणून हे पत्र.

बालवाडीतल्या समुद्राच्या आठवड्याविषयी तुम्ही विचारले होतेत. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करून तिच्यात खाण्याचे रंग कालवले. रंग ओला असतानाच त्यावर जाडे मीठ भुरभुरायचे. मीठ पाणी ओढून घेते आणि कागदावर फिकट चांदण्या उमटतात. मुले त्यांना फेस म्हणाली. माशाचा आयता आकार मी मुद्दाम दिला नाही. बाह्यरेषा दिली की मूल रेषेबाहेर न जाणे एवढेच शिकते. कोरा कागद दिला, तर समुद्र म्हणजे काय हे आधी त्याचे त्यालाच ठरवावे लागते. वहिनी, त्या ठरवण्याच्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात!

पालकांना हे पटत नाही. बबिताचे वडील व्यंकट मला दारातच म्हणाले, "बाई, रंगपंचमी वर्षातून एकदाच असती. तुमच्यात रोजच हाय का? लेकराला आकडे शिकवा की."

याच बबिताने शनिवारी निळा ड्रम काढला. ड्रमवर झाकण, झाकणाला साखळी आणि साखळीला हे एवढे मोठे कुलूप. मी विचारले, "समुद्र कुठे आहे गं?"

"आत हाय. टँकरनं आला की आजी कुलूप लावती. न्हाई तर लोकं नेतेत."

मी काहीही दुरुस्त केले नाही. चित्र इतरांच्या शेजारी भिंतीवर लावले. रविवारी प्रदर्शन होते आणि सरपंच म्हणून दादाच प्रमुख पाहुणा होता, हे तुम्हाला माहीत आहेच.

रविवारी सकाळी खोली उघडली, तर ड्रम नाहीसा झालेला. त्याच कागदावर निळ्याशार लाटा आणि लाटांत देखणे मासे. खाली बबिताचे नाव तसेच. दादाने नेमके त्याच चित्राचे कौतुक केले आणि भाषणात गावात घरोघरी नळ आल्याचे सांगितले. टाळ्या वाजल्या. बबिता मात्र भिंतीवर आपला ड्रम शोधत होती.

पहिला संशय मी मदतनीस धुरपताबाईंवर घेतला. त्या उसळल्या, "मला इचारून राहिलात का? मला मासा रांधता येतो बाई, काढता येत न्हाई."

मग व्यंकटवर. पण लेकीची चेष्टा होऊ नये म्हणून चित्र बदलायचे, तर ते चित्र फाडून मोकळे झाले असते. मासे काढत बसले नसते.

नंतर मी कागद नीट तपासला. पिठाच्या रंगाला वास नसतो. याला टर्पेंटाइनचा वास येत होता. गावातल्या पाण्याच्या नव्या टाकीवर दादाचे नाव ज्या ऑइल पेंटने लिहिले, तोच हा निळा. उरलेला डबा तुमच्या ओसरीवर असतो. प्रत्येक माशाची शेपटी तीन पाकळ्यांची. अशी शेपटी आपल्या गल्लीत एकाच अंगणातल्या रांगोळीत दिसते. आणि शनिवारी संध्याकाळी तोरण बांधायचे म्हणून खोलीची किल्ली कोणी नेली होती, हे मी लिहीत नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने तुम्ही गेलात. गुडघे इतके अचानक दुखू लागले, याचेही मला नवल वाटले. वाटले ते लिहिले, रागावू नका.

चित्र बिघडले, एवढेच असते तर मी गप्प बसले असते. पण सोमवारी बबिताला कागद दिला, तर तिने तो माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच काढा बाई. माझा समुद्र चुकतोय." काल तेच. आजही तेच. हात मागे बांधून ती दुसऱ्यांची चित्रे पाहत बसते. तिला मी शंभरदा सांगितले, तुझे चुकलेले नाही. तिचा विश्वास नाही. माझ्या सांगण्याने भिंतीवरचे मासे जात नाहीत ना!

एक गोष्ट मात्र घडते आहे. पिठाच्या रंगावर ऑइल पेंट धरत नाही; खालची खळ वाळून आकसते आणि वरच्या रंगाचे पोपडे निघतात. आज एका लाटेखालून कुलूप दिसू लागले. मी ते चित्र भिंतीवरून उतरवलेले नाही, उतरवणारही नाही. दादा येता-जाता खिडकीतून त्याच्याकडे पाहतो.

रविवारी परत या. बबिताशेजारी बसा आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा की मासे तुम्ही काढले, आणि समुद्र तिचाच बरोबर होता. ती तुमचे ऐकेल. तुमच्या रांगोळीवरून ती कधी पाय देत नाही.

आणि मला एकटीला एवढेच सांगा, वहिनी. ब्रश तुमच्या हातात होता. तो हात कोणी धरला होता का?

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी, आणि त्यात दादाचे नाव निघेल म्हणून भिणारी,
तुमची नणंद
महानंदा