मनुकांचा रस आणि आडवी बाटली

मु. बोरटाकळी, ता. दिग्रस
१४ मे

आदरणीय मामी,

शीलाचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे ऊन जेवढं बरं राहू देतं तेवढे. तुमचे गुडघे काय म्हणतात? वणीला नवीन डॉक्टर आलेत म्हणाला होतात, त्यांना दाखवलं का? मामांच्या प्रकृतीचं परवा फोनवर ऐकून तर मन भरून आलं. तुमच्याकडे निघालेल्या रामरावांच्या हाती पाठवलेला मनुकांचा रस त्यांना इतका मानवेल असं मला वाटलं नव्हतं. दोन चमच्यांवरून अर्ध्या पेल्यावर आले, दुपारची झोप गाढ लागते, संध्याकाळी अंगणात बसून जुनी गीतं मोठ्याने म्हणतात, आणि शेजारच्या विठ्ठलरावांना, ज्यांच्याशी कुंपणावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनी स्वतः हाक मारून चहाला बोलावलं! अडतीस वर्षं पाळकपणाची सेवा केलेल्या माणसाला या वयात हा आनंद लाभावा, याहून काय पाहिजे? (त्यांनाही माझा सलाम सांगा. पत्र मात्र आधी तुम्ही एकट्यानेच वाचा. बायकांच्या गोष्टी आहेत.)

आता फोन असताना पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. फोनवर हे मावलं नसतं, आणि आपल्या घराण्यात असं काम आजवर कोणी केलेलं नाही, तेव्हा ते लेखी राहिलेलं बरं. गर्व हे पाप आहे असं मी संडे स्कूलच्या मुलांना दर वर्षी शिकवते, त्यामुळे मी गर्व मुळीच करत नाही. नुसतं कळवते.

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद झालं, मामी. मी बंद केलं असं म्हणत नाही, चारशे एकवीस बायकांनी मत देऊन केलं. पण अर्जावर पहिली सही माझी आहे. यात रीत अशी असते की गावातल्या पुरेशा बायकांनी सह्या केल्या की सरकारी साहेब येऊन मतदान घेतात, फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. आणि आलेल्यांपैकी निम्म्या चालत नाहीत, गावातल्या एकूण बाई-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली ती उभ्या बाटलीचीच. आमच्या गावात बाया आठशे सोळा. बचत गटाच्या अध्यक्ष कौसल्याबाई आणि मी, दोघी मिळून तीन महिने दारोदार हिंडलो. (कौसल्याबाई वस्त्यांवर गेल्या, मी शिलाई मशीनवरून काम केलं. ब्लाउजच्या मापाला आलेली बाई गळ्याभोवती टेप असताना कुठे पळून जाणार?)

पण गावात आपली ख्रिस्ती घरं तीन, आणि लग्न होऊन आल्यापासून एकच प्रश्न माझ्या मागे लागलेला. "शीलाबाई, तुमच्या चर्चमधी तं वाइन पाजतात म्हनते, मंग आमच्या नवऱ्यायलेच काहून बोलता?" बावीस वर्षं मी एकच उत्तर देत आले आहे, की बाई, आमच्या प्रभुभोजनात वाइन नसते, मनुकांचा रस असतो, आणि तो मी माझ्या हाताने करते. दिग्रसच्या मंडळीत हे काम सासूबाईंचं, त्यांच्यानंतर माझं. काळ्या मनुका धुवायच्या, रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाटली वेदीवर. बावीस वर्षांत एकदाही चव बिघडली नाही. (हे मी म्हणत नाही, पाळकीणबाई म्हणतात.)

यंदा मात्र मतदान आलं पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी. त्या धावपळीत रस करायला वेळ मिळेना, म्हणून मी तो दहा दिवस आधीच करून ठेवला. त्यात गॅस संपलेला. म्हटलं, भिजवलेल्या मनुका उकळल्या काय नि नुसत्या कुस्करल्या काय, प्रभू काही चूल बघत नाही. साखर जरा सढळ हाताने घातली, दोन बाटल्या भरल्या आणि झाकणं अशी घट्ट लावली की आमच्या ह्यांनाही उघडता आली नसती. फ्रिजमध्ये ह्यांनी आंबे कोंबलेले, म्हणून एक बाटली माठाच्या कोपऱ्यात ठेवली. उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे.

शनिवारी दुपारी चार वाजता समाजमंदिरात शेवटची सभा होती. सभा संपली की पत्रकांची पिशवी घेऊन दिग्रसची बस पकडायची आणि बाटली चर्चमध्ये पोचवायची, असा माझा बेत. म्हणून बाटली पत्रकांसोबत पिशवीत, पिशवी टेबलाखाली, आणि मी टेबलामागे उभी, रविवारची पांढरी साडी आदल्याच दिवशी नेसून. तीनशे बायका समोर. माझं भाषण (मी म्हणते म्हणून नाही, पण मामांच्या तोडीचं झालं) अगदी रंगात आलेलं. बाटली आडवी करा, असं मी हात वर करून म्हटलं आणि टेबलाखाली ठाप्पकन आवाज झाला. झाकण छताला लागून खाली आलं, आणि जांभळा फेस पिशवीतून, पत्रकांवरून, माझ्या पांढऱ्या साडीवरून वाहायला लागला. मग वास सुटला.

मामी, मी आयुष्यात दारूला शिवले नाही, तेव्हा तो वास कसला हे मला कळेना. पण दाराशी दुकानाचे मालक भगवानराव उभे होते. विरोध करायला आलेले बिचारे. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्साचा धंदा हाय माहा. हा वास मले झोपीतही समजते." कौसल्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "बाई, सोडा होता म्हना. बाकीचं मले पाहू द्या."

खरं सांगते, सोडा हा शब्द जिभेवर आलाच होता. तीन महिन्यांची मेहनत, परवा मतदान, आणि बावीस वर्षं मी ज्या उत्तराची शपथ वाहत आले ते माझ्याच साडीवर सांडलेलं. एका शब्दाने सगळं निभावलं असतं. पण समोर पहिल्या रांगेत आईसोबत आलेली लहान मुलं बसली होती, आणि मला माझा संडे स्कूलचा वर्ग दिसला. खोटी साक्ष देऊ नये, हे त्यांच्याकडून घोकून घेताना मी पट्टी आपटते. मी भगवानरावांना वर बोलावलं. म्हटलं, गावात या विषयातले जाणकार तुम्हीच, चाखून सांगा. त्यांनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कच्ची हाय, पन दारूच हाय."

मग मी बोलले. हा रस माझा, ही बाटली माझी, उकळायचा आळस माझा, आणि दारू झाली तीही माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे. चर्चमध्ये आम्ही दारू देत नाही हे कालही खरं होतं, पण उद्या माझ्यामुळे खोटं झालं असतं. माझ्यासारख्या बाईच्या घरात ही न बोलावता शिरते, तर तिच्यासाठी गावात वेगळं दुकान कायले पाहिजे? एवढं बोलून मी पायऱ्यांवर गेले आणि सगळ्यांसमोर बाटली आडवी केली. शेवटच्या थेंबापर्यंत. मान खाली नव्हती, मामी. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी कौसल्याबाई रडल्या, मग वाजल्या.

रविवारी चर्चमध्येही उभी राहून सगळं सांगितलं. पाळकीणबाईंनी बाजारातून द्राक्षं आणून ओसरीतच पिळली आणि प्रभुभोजन झालं. इतकी नम्र साक्ष आमच्या मंडळीत कित्येक वर्षांत झाली नव्हती, असं दोघीजणी म्हणाल्या. (एक आपणहून, एक मी विचारल्यावर.)

सोमवारी मतदान. उन्हात बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली. दुपारी भगवानरावांच्या कुंदाबाई आल्या, ज्या तीन महिन्यांत आमच्या एकाही सभेला फिरकल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर माझ्याजवळ थांबल्या. "मी येनारच नव्हती. पन तुम्ही सोताच्या तोंडानं खरं सांगतलं, म्हून आली." शिक्का कशावर मारला ते मी विचारलं नाही, पण त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. आडवी बाटली, चारशे एकवीस. तेरा बायका घरी बसल्या असत्या तरी दुकान तसंच राहिलं असतं. हे वाजतगाजत घरी घेऊन गेले मला. माझा नवरा, मामी, जो लग्नाच्या वरातीतही लाजून मागे चालला होता!

भगवानराव आता रसवंती काढायचं म्हणतात. परवा रस्त्यात भेटले आणि हळूच विचारलं, "त्या मनुक्यात साखर किती टाकली होती?" असो. फार लांबलं. मुलांना आशीर्वाद, तुमच्या दोघांच्या प्रार्थनेत आम्हाला ठेवा.

तुमची,
शीला

ता. क. आता मुद्द्याचं. बाटल्या दोन भरल्या होत्या हे वर लिहिलंच आहे. दुसरी रामरावांच्या पिशवीतून वणीला आली. मामांचा पेला, गाढ झोप, गीतं, सगळं मला परवा फोन ठेवल्यावर एकदम उलगडलं. फोनवर बोलता येईना, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि मामा शेजारी बसतात. तरी हात जोडून सांगते, उरलं असेल ते लगेच ओतून टाका. अडतीस वर्षं ज्यांनी दारूविरुद्ध उपदेश केला त्यांना आता काही कळायला नको. विचारलंच तर सोडा होता म्हणा.

ता. क. २. वरची शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि अंगाला घाम फुटला. तीनशे बायकांसमोर जे तोंडून निघालं नाही ते कागदावर किती सहज उतरलं! खोडत नाही, राहू द्या, मला लाज वाटलेली बरी. शुक्रवारच्या बसने मी येते आणि मामांना माझ्या तोंडाने सांगते. रागावतील ते माझ्यावर रागावू देत.

ता. क. ३. रस ओता. पण विठ्ठलरावांना शुक्रवारीही चहाला बोलावून ठेवा. अकरा वर्षांनी जे जुळलं ते मात्र बाटलीसोबत ओतून देऊ नका.