उंबऱ्यापुढचं गिधाड

प्रिय प्रांजली,

अनेक आशीर्वाद. फोन केला की तू नुसतं ‘हं’ म्हणून ठेवतेस, म्हणून लिहिते. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी होती, वाया कशाला घालवायची? तुझ्या बाबांचा गुडघा आता बरा आहे.

पाडव्याला तू माझ्याआधी उठून दारात रांगोळी काढलीस. हसत म्हणालीस, मावशी, बाहेर येऊन बघ तर! मी पूजेचं ताट घेऊन आले, तर उंबऱ्यापुढं रांगोळीचं गिधाड. वाकडी चोच, बोडकी मान. सिल्लोडकडं आमच्या मेंढ्या होत्या तेव्हा मेल्या जनावरावर ती उतरायची. एकदा एक घरावर बसलं, तर माझ्या आईनं घराची शांत करूनच चूल पेटवली होती. मला दुसरं काही सुचलंच नाही. बादलीभर पाणी ओतलं, वर गोमूत्र शिंपडलं, खराटा मारायला लागले आणि शेजारणींच्या देखत बोलले, कॉलेजात हेच शिकवतात का, सणाच्या दिवशी घरात अवदसा आणायला? तू माझ्या हातातला खराटा घेतलास, उरलेलं स्वतः झाडलंस आणि न जेवता पुण्याची गाडी धरलीस.

परवा तुझी मैत्रीण तनुजा बाजारात भेटली. ती म्हणाली, तुम्ही शिकता त्या इजिप्तच्या जुन्या चित्रलिपीत ‘आई’ लिहायचं तर गिधाड काढायचे. उन्हात पिलावर पंख धरून बसतं ना ते, म्हणून असेल. भाजीची पिशवी खाली ठेवून मी तिथंच कट्ट्यावर बसले.

तुझी आई गेली आणि मी या घरात आले, तेव्हा तू पहिलीत होतीस. मावशी म्हणालीस, मी ओ देत गेले. आई म्हण, असं कधी तोंडानं सांगितलं नाही. खंडोबापुढं दिवा लावताना मात्र रोज तेवढंच मागायची. आणि तू ती हाक माझ्या दारात मांडलीस, तर मी ती धुऊन टाकली.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही. त्या दिवसापासून दारात रांगोळी घातली नाही. शेजारणी विचारतात, मी सांगते, माझी पोर येऊन काढणार आहे. येशील ना गं? तेच काढ. कोणी काही म्हणालं तर मी बघते. खाली नावाच्या जागी काय लिहावं कळेना, म्हणून तनुजाच्या फोनात बघून ते पाखरू काढलंय. कोंबडीसारखं झालंय. पण तू ओळखशील.

तुझीच,